मैनाबाईंची माफी

कळंबला चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं औषधाचं दुकान आहे. गल्ल्यावर नवरा बसतो आणि बोलायचं काम माझ्याकडे असतं. माझं तोंड फाटकं आहे असं सासरची माणसं लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगत आलीत, तेव्हा या हकिकतीत कुणाला माझं बोलणं टोचलं तर त्यात नवल काही नाही. काउंटरच्या कोपऱ्यात मी बीपीचं मशीन ठेवलंय. येईल त्याचं बीपी फुकट मोजते. लोकांना फुकटचं बीपीसुद्धा आवडतं.

मैनाबाई मला त्या मशीनमुळे भेटल्या. दुकानामागच्या गल्लीत एका खोलीत त्या एकट्या राहायच्या आणि देवळाजवळच्या खानावळीत पोळ्या लाटायच्या. साठीला टेकलेल्या, अंगानं काटक, डोक्यावर पदर, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला. लाटण्याला जोर डाव्या हाताचा, उजवा नुसता सोबतीला. तरी त्यांची पोळी अशी की खानावळीचा मालक त्यांना रजा द्यायला घाबरायचा. आठवड्यातून एकदा काम आटोपलं की त्या दुकानात यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि न बोलता बाही वर करायच्या.

बीपी वाढलेलंच असायचं. गोळ्या चालू होत्या, मीठ कमी केलं होतं, तरी वाढलेलं. आणि चतुर्थीला तर हमखास जास्त. मी आपली शहाणपण शिकवायची, “मैनाबाई, उपासाला साबुदाणा खाता, वर शेंगदाणे, दिवसभर चहा. मग काय होणार?” त्या म्हणायच्या, “हो वहिनी.” बस, एवढंच. त्यांचं “हो वहिनी” म्हणजे बोलणं संपल्याची खूण.

एका संकष्टीला त्या भर दुपारी आल्या आणि स्टुलावर न बसता थेट काउंटरच्या आत शिरल्या. “मले जरा आत बसू द्या,” म्हणाल्या आणि खोक्यांच्या आडोशाला खाली बसल्या. मी विचारलं काय झालं. त्यांनी बोटानं रस्त्यापलीकडचा पानठेला दाखवला. ठेल्याच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, कपाळाला देवळातला शेंदूर. येणारा-जाणारा त्याला रामराम घालत होता.

“तो माह्या नवरा हाय,” मैनाबाई म्हणाल्या. “दर चतुर्थीले येते. दर्शन घेते, अन मग माह्या गल्लीच्या तोंडाशी बसते.”

“काय करतो?”

“काही नाही करत. बसते.”

मी म्हटलं पोलिसात जाऊ. त्या हसल्या. जाऊन आल्या होत्या. दर्शनाला आलेला माणूस बाकावर बसला तर तो गुन्हा होत नाही, असं त्यांना तिथं सांगण्यात आलं होतं. आणि बरोबरच आहे. बसणं हा गुन्हा कुठं आहे? बसलेला माणूस कधी उठेल, याची वाट बघत बाईनं दिवस काढायचा, हा तिचा प्रश्न. साबुदाण्याचं बोलणं मी त्या दिवसापासून बंद केलं.

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. नवऱ्याचं नाव पुंडलिकराव, बोरी अरबजवळच्या एका गावातले. कापूस, तूर, सोयाबीन, स्वतःची शेती, गावात शब्दाला मान. आणि बैलांचं वेड. पोळ्याला त्यांच्या जोडीचा पहिला मान असायचा. “माह्या बैलाच्या अंगावर काठीचा एक वळ दाखवा अन जोडी घेऊन जा,” असं ते चौकात पैजेवर म्हणायचे. वळ कुणाला दिसला नाही, कारण बैलावर त्यांनी कधी काठी उगारलीच नाही. ती घरात होती.

मैनाबाईंनी त्या घरात उमर काढली. माहेरी एकदा गेल्या होत्या. बापानं चार दिवस ठेवून घेतलं, साडी-चोळी केली आणि स्वतः नेऊन घातलं. मग त्यांनी मनाशी ठरवलं, लेकाचं लग्न होईपर्यंत. कपिलचं लग्न झालं, सून दिपाली घरात आली, सत्यनारायण झाला, हळदीची माणसं आपापल्या गावी गेली, आणि त्याच आठवड्यात मैनाबाई पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर पडून दुपारच्या एसटीत बसल्या. आधी दारव्ह्याला राहिल्या. तिथं तो यायला लागला म्हणून कळंबला. इथंही त्यानं शोधून काढलंच. देवभक्त माणूस, देवानं वाट दाखवली असेल.

गेल्या वर्षी पेरणीच्या आधी पुंडलिकराव गोठ्यात बैल धूत असताना पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की चालतील की नाही, सांगता येत नाही. ही बातमी मैनाबाईंना गावाकडच्या एका भाजीवालीनं सांगितली. दोन आठवड्यांनी मी त्यांचं बीपी मोजलं तर माझाच विश्वास बसेना. मशीन बिघडलं असेल म्हणून माझ्या नवऱ्याचं मोजलं, माझं मोजलं. मशीन ठीक होतं. मैनाबाईंचं बीपी एखाद्या पोरीसारखं आलं होतं.

“झोप लागते आता,” त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नाही, ना आनंद ना दुःख. “कुशीवर झोपते मी. आधी उताणी झोपायची, म्हंजे दार दिसे.”

एवढं सगळं व्यवस्थित चाललं होतं. नेमकं तेव्हाच गावात शिबिर आलं.

शोभाताई यवतमाळच्या. घरात दोन पिढ्या वकिली, नवरा नंदकिशोर मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, पोरं परदेशी. बाई मनानं वाईट नाहीत, हे मी आधीच सांगून टाकते. वाईट असत्या तर त्यांना थांबवता आलं असतं. त्यांनी कुठलासा ऑनलाइन कोर्स केला होता आणि आता घरातला मार खाल्लेल्या बायांसाठी ‘क्षमा आणि आरोग्य’ असं शिबिर चालवत होत्या. दर शनिवारी मंगल कार्यालयात, पोहे आणि चहा त्यांच्याकडून. मला त्यांनी बीपीचं मशीन घेऊन बोलावलं. मी मैनाबाईंना म्हटलं, चला, पोहे चांगले असतात.

शोभाताईंचं म्हणणं साधं होतं. “राग म्हणजे घरातला कचरा. साठवला की घरालाच वास येतो. घंटागाडी आली की आपण कचरा टाकतो ना? तसं माफ करायचं. मग बघा, बीपी, शुगर, डोकेदुखी, सगळं हलकं होतं.” बाया माना डोलवायच्या. कुणाचं मनगट वाकडं जुळलेलं, कुणाला रात्रंदिवस डोकं दुखायचं. भागीरथा नावाची एक बाई होती. कानशिलात बसून बसून तिचा डावा कान कायमचा गेला होता. ती तो कान माइककडे करून बसायची. पोहे मात्र दोनदा घ्यायची.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी शोभाताईंनी मधोमध एक रिकामी खुर्ची ठेवली. त्या खुर्चीत आपला नवरा बसलाय असं समजायचं आणि मनातलं बोलायचं. एकीनं शिव्या दिल्या, एक नुसतीच रडली. मैनाबाईंची पाळी आली. त्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बसला हायेस तर बस. आता उठू नोको.”

ते ऐकून मी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. पण शोभाताईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. “बघा! त्यांनी त्याला बसायला सांगितलं. घरात जागा दिली! ही क्षमा,” असं म्हणून त्यांनी मैनाबाईंना मिठी मारली. कुणीतरी मोबाइलवर सगळं घेतलंच होतं. मग मला बीपी मोजायला लावलं. ते अर्थातच छान आलं. शोभाताईंनी माइकवर आकडे वाचून दाखवले, माझ्या वहीतले पेरणीआधीचे आणि आताचे, आणि टाळ्या झाल्या.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, बीपी माफीनं नाही उतरलं. नवरा अंथरुणाला खिळला म्हणून उतरलं.” शोभाताई समजूतदारपणे हसल्या. “तुम्ही औषधवाले ना, तुम्हाला शरीरच दिसतं,” म्हणाल्या.

तो व्हिडिओ कळंबहून यवतमाळला, यवतमाळहून बोरीला आणि तिथून कपिलच्या मोबाइलवर गेला. आठवड्याच्या आत कपिल आणि दिपाली माझ्या दुकानात हजर. आईच्या खोलीवर कुलूप होतं म्हणून इथं आले. मैनाबाई आल्या तेव्हा कपिल वाकून पाया पडला, आणि उठता उठता म्हणाला, “आई, तू बाबाले माफ केलं म्हने. आमी पाह्यलं. बरं केलं. मंग आता घरी चाल.”

“कायले?” मैनाबाईंनी विचारलं.

“कायले म्हंजे? बाबाचं कोन करन? उठवा, बसवा, धुवा. गडीमानूस मिळत नाही. हिची कंबर गेली करू करू.”

दिपाली बाकावर बसली होती. ती काही आडपडदा ठेवणारी नव्हती. “आत्याबाई, खरं सांगू का? नवरा तुमचा हाय. मी आली अन तुमी गेल्या. तवापासून तुमचं सारं मीच करून राह्यली. परवा त्यायनं गिलास फेकून मारला. माह्या बापानं मले याच्यासाठी देल्लं नाही. माफ केलं ना तुमी? मंग सांभाळा.”

मैनाबाई सुनेकडून लेकाकडे वळल्या. कपिलला एवढंच म्हणाल्या, “मी नाही येत.” कपिलनं खिशातून मोबाइल काढून पोरीचा फोटो दाखवला. स्पृहा, पहिलीत जाते. मैनाबाईंनी नातीला एकदाही पाहिलेलं नव्हतं. त्या फोटोकडे बघत राहिल्या आणि कपिल आईच्या तोंडाकडे. त्याला कुठं हात घालायचा ते कळलं.

त्यानंतर तो शोभाताईंना जाऊन भेटला. शोभाताई हरखून गेल्या असणार, कारण शिबिराचा समारोप पोळ्याच्या आदल्या दिवशी होता आणि त्यांना एक कल्पना सुचली. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलाला न्हाऊ घालतात, वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना कोमट तूप-हळद लावून शेकतात, आणि दुसऱ्या दिवसाच्या पुरणपोळीचं आमंत्रण देतात. “किती सुंदर प्रथा आहे! शेतकरी मुक्या जनावराचीसुद्धा माफी मागतो,” शोभाताई मला फोनवर म्हणाल्या. “मग नवऱ्यानं बायकोचे खांदे का शेकू नयेत? पुंडलिकराव तयार आहेत. तुम्ही मशीन घेऊन या. आधीचं आणि नंतरचं बीपी दाखवू.”

मी हे मैनाबाईंना सांगितलं. मला वाटलं चिडतील, रडतील. त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की ठसका लागला. मग पाणी प्यायल्या आणि पदर सरकवून मला तो उतरलेला खांदा दाखवला. गळ्याजवळचं हाड मोडून आडवंतिडवं जुळलेलं, वर गाठ.

“खांदशेकनीलेच मोडला होता हा,” त्या म्हणाल्या. “कपिल लहान होता. थोडंसं तूप मी त्याच्या भातावर वाढलं, अन बैलाले कमी पडलं. त्यायनं काही म्हनलं नाही. बैलायचे खांदे शेकले, आवतन देल्लं, हात धुतले. मंग काठी घेतली. दुसऱ्या दिवशी मी एका हातानं पुरन वाटलं.”

“मग जाऊ नका,” मी म्हटलं.

“पोरगी येनार हाय ना.”

मी खूप बोलले. माझं तोंड कशाला आहे मग? पण आजीच्या जिवापुढे माझं काय चालणार? त्यांनी नातीसाठी बेसनाचे लाडू केले आणि धुतलेलं लुगडं नेसून गेल्या.

मंगल कार्यालय भरलं होतं. स्टेजवर पळसाची पानं, आंब्याचं तोरण, मागे बैलजोडीचं मोठं चित्र. पुंडलिकराव चाकाच्या खुर्चीत. आजारानं खंगले होते, पण टोपी तशीच कडक. पहिल्या रांगेत स्पृहा आईच्या मांडीवर बसली होती. मैनाबाईंनी तिला जवळ घेतलं, लाडू दिला, आणि पोरगी लाडू खाता खाता त्यांच्या बांगड्या मोजायला लागली. तेवढी पाच मिनिटं त्यांना मिळाली. मग माइकवर नाव पुकारलं गेलं.

त्या स्टेजवर जाऊन खुर्चीपुढच्या पाटावर बसल्या. शोभाताईंनी तूप-हळदीची वाटी पुंडलिकरावांच्या हातात दिली. त्यांनी बोटं बुडवली आणि उजव्या खांद्याला हात लावला. नेमका उजवा. मी दोन हातांच्या अंतरावर मशीन घेऊन उभी होते, मला सगळं दिसत होतं. मैनाबाईंचं सबंध अंग थरथरत होतं. हॉलमध्ये बाया डोळे पुसत होत्या. कुणाला वाटलं असेल, भरून आलंय.

“आता बीपी बघू,” शोभाताई म्हणाल्या. मी पट्टा बांधला. मशीन फुगत गेलं, फुगत गेलं, आणि जो आकडा आला तो मी माइकवर मोठ्यानं वाचला. तशा आकड्याच्या माणसाला मी दुकानातून थेट दवाखान्यात पाठवते. शोभाताईंनी माइक हळूच काढून घेतला. “भावनेच्या भरात थोडं वाढतं,” त्यांनी लोकांना सांगितलं. “निचरा होतोय.”

पुंडलिकराव विनोदी माणूस. गावात त्यांच्या बोलण्याला हसू ठरलेलं. ते माइककडे वाकून बैलाला म्हणतात तसं म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या. कपिल उठून स्टेजकडे यायला लागला, आईला घेऊन जायला.

मैनाबाई पाटावरून उठल्या. शोभाताईंच्या हातातला माइक त्यांनी मागितला नाही, नुसत्या बोलल्या, पण ऐकू गेलं.

“बैलाचा खांदा माफीसाठी नाही शेकत, ताई. सुजलेल्या खांद्यावर जू टिकत नाही म्हनून शेकते. उद्या पुरनपोळी, अन परवा पुन्हा जू. बैलाले नाही म्हनता येत नाही. मले येते. मी नाही येत.”

 मग शोभाताईंनी टाळी वाजवली. “किती खोल बोलल्या! हे बाहेर यायलाच हवं होतं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुंडलिकरावांनीही वाजवल्या, हळदीच्या हातांनी, मैनाबाईंकडे बघत.

मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. दारात कपिलची जीप उभी होती आणि जीपमध्ये मैनाबाईंचा संसार भरलेला होता. ट्रंक, गादी, डबे, पोळपाट. समेट झालाय, आई आज घरी जाणार, असं सांगून त्या कार्यक्रमाला निघाल्यावर त्यानं घरमालकाकडून खोली उघडून घेतली होती. घरमालकानं नुसती उघडून दिली नाही, तर खोली भाड्यानं दुसऱ्याला लावूनही टाकली. समेटाच्या कामात लोक किती झटपट मदत करतात!

मैनाबाई एक एक वस्तू उतरवायला लागल्या. कपिल आडवा आला. “सोंग करून राह्यली का तू? साऱ्या गावासमोर माफ केलं अन आता मागं फिरते? बाबाची इज्जत घालवली.” त्या उतरवतच राहिल्या. तेव्हा तो म्हणाला, “मंग नातीचं तोंड विसर. पुन्हा दाखवनार नाही.” आणि दिपालीच्या हातातून पोरीला ओढून घेऊन जीपमध्ये बसला. ट्रंक आणि गादी खाली आली होती, पोळपाट राहिला. जीप निघाली तेव्हा स्पृहा मागच्या काचेतून हात हलवत होती. तिला वाटलं, आजी दुसऱ्या गाडीनं येतेय.

मी मैनाबाईंना आमच्या दुकानामागच्या खोलीत आणलं, जिथं औषधांची खोकी ठेवतो. नवऱ्यानं कुरकुर केली, मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या दिवशी चहा प्यायला बसलो असताना मी न राहवून विचारलं, “मैनाबाई, मनातून तरी माफ केलंत का हो त्याला?”

 प्रश्न त्यांना वाईट वाटला नाही.

“तो मेला की करीन,” म्हणाल्या. “मेल्या मानसाले माफ कराले काय लागते? जित्या मानसाले माफ करनं मले परवडत नाही, वहिनी.”

शोभाताईंची पुढची शिबिरं चालूच राहिली. नव्या पत्रकावर मैनाबाईंचा फोटो नव्हता. त्या अजून मनानं तयार नव्हत्या, असं शोभाताई सगळ्यांना सांगायच्या आणि तेही अगदी कळवळून. मला त्यांचा इतका राग आला की माझं स्वतःचं बीपी मोजायचं मी टाळलं. भागीरथा अजून जाते. मी तिला विचारलं, काहून जाते गं? ती म्हणाली, “पोहे हाय, अन चार बाया भेटते. बाकीचं मी या कानानं ऐकते,” आणि तिनं मेलेला कान दाखवला.

दिवाळी झाली. मैनाबाई खानावळीत पुन्हा रुळल्या, बीपीही हळूहळू खाली आलं. त्या खोक्यांच्या खोलीतच राहिल्या असत्या तर माझी हरकत नव्हती, पण त्या मिंध्या राहणाऱ्या नव्हत्या. गावात खोली शोधणं चालू होतं.

मग एका सकाळी दुकानाच्या फोनवर दिपालीचा फोन आला. आवाज दबका. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. “आत्याबाईले सांगून ठेवा. मामाजी चालाले लागले. स्पृहाच्या बाबानं ओसरीत भिंतीले पाईप लावून देल्ला, तो धरू धरू चालते. साऱ्या गावानं पेढे खाल्ले.” मग थोडं थांबून ती म्हणाली, “पुढच्या चतुर्थीले कळंबले दर्शनाले जातो म्हने. मी सांगितलं म्हनून सांगू नका.” आणि फोन ठेवला. त्या पोरीला मी मनातून बरंच काही बोलून बसले होते. ते मी तेवढ्यापुरतं परत घेतलं.

मैनाबाईंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. निवडून झाले, मग उठून स्टुलावर बसल्या आणि बाही वर केली. आकडा बघून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी गोळी वाढवली, गुडघे दाबून बघितले आणि बजावलं की वाट्या झिजल्यात, बीपीही असं आहे, तेव्हा जिने अजिबात चढायचे नाहीत. नवी खोली बघताय तर तळमजल्याचीच बघा. मैनाबाई म्हणाल्या, “हो साहेब.”

बाहेर आल्यावर रस्त्यातच थांबल्या. “वहिनी, मले माडीवरची खोली पाहा. जितकी उंच भेटन तितकी.”

मी डॉक्टरांचं सांगायला गेले. त्या म्हणाल्या, “मले जिना चढता येते, वहिनी. दमीन, पन चढीन.” त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मला सांगायची गरज नव्हती.

बसस्टँडच्या मागं एक नवी इमारत होते आहे. खालचं सगळं रिकामं, पण तिसऱ्या मजल्यावर एक खोली तयार होती. आम्ही बघायला गेलो. जिना अरुंद, सिमेंटचा, अजून प्लास्टर न झालेला. मैनाबाई भिंतीला हात लावून चढत होत्या. प्रत्येक वळणावर त्या थांबत, छातीवर हात ठेवत, आणि पुन्हा चढत. मी मागून, त्या पडल्याच तर धरायला. वर पोचल्या तेव्हा ओठ पांढरे पडले होते. खोली त्यांनी धड पाहिलीसुद्धा नाही. दारात उभ्या राहून त्या खाली जिन्याकडे बघत राहिल्या.

घरमालक तरुण पोरगा. त्याला वाटलं म्हातारी जिन्याला घाबरली. तो गडबडीनं म्हणाला, “मावशी, कठड्याचं काम राहिलंय फक्त. आठ दिवसांत दोन्ही बाजूनं पाईप लावून देतो. मग धरून आरामात येता येईल.”

“नका लावू,” मैनाबाई म्हणाल्या.

“पडाल ना तुम्ही.”

“पडली तर पडली. पाईप नका लावू. मी ऱ्हाईन तोवर जिना असाच राहू द्या.”

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, त्या म्हणतात तसंच कर.